शहरात नोकरी, घर बाहेरच्या गावात: रोजचं गाडीने अपडाऊन ठरवताना नेमकं काय मोजायचं?

आडरस्ता

घरांच्या जाहिरातीत ‘शहरापासून फक्त ४० मिनिटं’ असं ठळक अक्षरात छापलेलं असतं. ही ४० मिनिटं कुठल्या वाराची, किती वाजताची आणि कुठल्या ऋतूतली, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा ती रविवारी सकाळी सहा वाजताची असतात.

मी बरीच वर्षं बाहेरच्या गावातून शहरात गाडीने जा-ये करतो. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन-चार कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला: ‘शहरातलं लहान घर सोडून लांब मोठं घर घ्यावं का?’ प्रत्येकाला सविस्तर सांगताना एक गोष्ट लक्षात आली. सगळेच जण अंतर मोजतात, थोडे जण सरासरी वेळ मोजतात, पण वाईट दिवस कोणीच मोजत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. घर निवडायचं ते सरासरी दिवसावर नाही, वाईट दिवसावर. समजा सरासरी वेळ ४० मिनिटं आहे, पण महिन्यातून एकदा-दोनदा ६५ मिनिटं लागतात. तो दिवस कोणता हे सकाळी निघताना कळत नाही. कामावर वेळेत पोहोचणं भागच असेल, तर रोज ६५ मिनिटं आधी निघावं लागतं. म्हणजे रस्ता मोकळा असला तरी ती वरची २५ मिनिटं गेलीच. लवकर पोहोचून पार्किंगमध्ये बसून राहायचं, त्याला घरी घालवलेला वेळ कसं म्हणणार? वाहतूक अभियंतेही प्रवासाच्या भरवशाचा हिशोब करताना विसातले एकोणीस दिवस पुरेल एवढा वेळ धरतात. नोकरदाराचा महिना साधारण वीस कामाच्या दिवसांचा असतो, त्यामुळे हे माप आपल्याला अगदी चपखल बसतं.

घर घेण्याआधी एवढं जरूर करा. ज्या वेळेला रोज निघणार त्याच वेळेला, कामाच्या दिवशी, नकाशाच्या अ‍ॅपवर त्या रस्त्याला किती वेळ दाखवतो ते लिहून ठेवा. येतानाचंही तसंच. निदान चार आठवडे. मग आकडे चढत्या क्रमाने लावा आणि शेवटून दुसरा पाहा. तो आकडा रोज सोसता येणार असेल तरच पुढे जा. शिवाय आठवड्यातले दोन दिवस तरी स्वतः गाडी चालवून पाहा, त्यातला एक दिवस पावसाचा असेल तर उत्तम.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही, ती म्हणजे दिशा. गाव शहराच्या पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेकडे तोंड करून जाताना उगवता सूर्य डोळ्यांवर येतो आणि संध्याकाळी परतताना मावळता. गाव पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. दोन गावं बाकी सारखीच असतील, तर मी डोळे मिटून पूर्वेकडचं घेईन.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांनी अपडाऊन सोडून दिलं त्यांचे.

मोजपट्टी

धागा काढलात हे फार बरं केलंत. वाईट दिवस एवढा वाईट का होतो, हे थोडं आकड्यांत मांडतो, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर धरलं, तर एका लेनमधून तासाला १८०० गाड्या जातात. आता गर्दीच्या एका तासात तिथे २००० गाड्या आल्या असं समजा. तासाअखेर २०० गाड्या रांगेत उरतात आणि शेवटच्या गाडीला पावणेसात मिनिटं थांबावं लागतं. दुसऱ्या दिवशी १० टक्के गाड्या जास्त आल्या, म्हणजे २२००. रांग ४०० ची झाली आणि थांबणं सव्वातेरा मिनिटांचं. गाड्या वाढल्या १० टक्के, खोळंबा झाला दुप्पट. शाळांना सुट्टी लागली की रस्ता एकदम मोकळा का वाटतो, त्याचंही उत्तर यातच आहे. निम्म्या गाड्या कमी झालेल्या नसतात, थोड्याच कमी होतात, पण त्या नेमक्या क्षमतेच्या वरच्या असतात.

अपघात किंवा बंद पडलेली गाडी असेल तर परिस्थिती आणखी वाईट. तीन लेनपैकी एक अडली की क्षमता एक तृतीयांशाने कमी होईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती जवळजवळ निम्म्यावर येते, कारण उरलेल्या दोन लेनमधले लोक वेग कमी करून बघत बघत पुढे जातात. आणि अडथळा अर्ध्या तासात हटवला तरी साचलेली रांग तेव्हाच हटत नाही. मागून येणाऱ्या गाड्या क्षमतेइतक्याच येत राहिल्या, तर ती रांग गर्दीची वेळ सरेपर्यंत तशीच राहते. सकाळी सातला झालेला अपघात नऊ वाजता निघणाऱ्याला भोवतो तो असा.

पहाटपक्षी

दोघांशीही सहमत. मी यावर काढलेला उपाय म्हणजे उजाडायच्या आत निघणं. रस्ता रिकामा, पार्किंगला जागा मिळते, आणि ऑफिसात पहिला तास शांततेत काम होतं. संध्याकाळी चारच्या सुमारास निघतो, तेव्हा परतीची गर्दी अजून सुरू व्हायची असते. वेळ बदलता येत असेल तर अंतर बदलायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

निळी छत्री

पहाटपक्षी, तुमचा मार्ग गर्दीपुरता उत्तम आहे, पण झोपेचं काय? मी रुग्णालयात पाळीत काम करते, आणि पाळी संपवून गाडी घेऊन घरी निघालेल्या सहकाऱ्यांची मला रोज काळजी वाटते. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहाटे लवकर उठणारा माणूस रात्री तेवढा लवकर झोपतोच असं नाही. घरातले सगळे जागे, मुलांचा अभ्यास, जेवणं उशिरा. मग रोज तास-दीड तास झोप कमी पडत जाते आणि आठवडाभर ती साठत राहते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात आणि डोळ्यांचं संतुलन रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं ढासळतं. बऱ्याच देशांत वाहन चालवायची कायदेशीर मर्यादा तेवढीच आहे. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊला बरोबर १७ तास जागा असतो. त्या दिवशी उशिरापर्यंत काम निघालं आणि तेव्हा तो गाडी काढणार असेल, तर हे त्याच्या लक्षात असायला हवं.

डुलकी म्हणजे डोळे मिटून मान खाली पडणं असं आपल्याला वाटतं. त्याआधी दोन-तीन सेकंदांच्या बारीक डुलक्या लागतात, आणि त्यात डोळे उघडेही असू शकतात. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला तीन सेकंदांत गाडी ६७ मीटर पुढे जाते. मागचा एखादा किलोमीटर कसा गेला ते आठवत नसेल, लेन सोडून चाक कडेच्या रेषेवर जात असेल, एकसारख्या जांभया येत असतील, तर तिथेच गाडी सुरक्षित जागी घ्या.

काच खाली करणं आणि गाणी मोठ्याने लावणं, हे दोन उपाय सगळेच करतात. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले हॉर्न आणि रेनर यांनी ते तपासले, आणि त्यांचा परिणाम नगण्य आणि अगदी थोडा वेळ टिकणारा आढळला. त्यांच्याच प्रयोगांत कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपणं मात्र उपयोगी ठरलं. कॅफीन अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. आधी कॉफी, मग झोप, हा क्रम महत्त्वाचा. गाडीत गजर लावा, खुर्ची मागे करा आणि निःसंकोच झोपा. घरी वीस मिनिटं उशिरा पोहोचलेलं कोणालाही चालतं.

दुपारी दोन ते चार हा दुसरा धोक्याचा काळ. शरीराच्या घड्याळाप्रमाणे त्या वेळी जागेपण उतरतंच, जेवण हलकं असो वा जड. चारला निघणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

पहाटपक्षी

@निळी छत्री, ताई, धन्यवाद. रात्री नऊचा हिशोब असा कधी मांडलाच नव्हता. उशीर झालेल्या दिवशी गाडी ऑफिसातच ठेवून सहकाऱ्याबरोबर किंवा बसने परतायचं, असं यापुढे ठरवतो.

सहावा गियर

थोडा वेगळा सूर लावतो. मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. घर आणि काम यांच्यामध्ये तेवढाच एक वेळ असा आहे जेव्हा मला कोणी काही विचारत नाही. दिवसभरातल्या कटकटी दारात आणायच्या नसतील तर मध्ये थोडा रस्ता हवाच. घर ऑफिसला लागून असलेले मित्र पाहतो, त्यांचं काम घरात शिरलेलं असतं.

आणि वेळेचं म्हणाल, तर शहराबाहेर पडल्यावर मोकळा हायवे मिळतो. गाडी चांगली असेल, हात सरावलेला असेल, तर मागे पडलेला वेळ भरून काढता येतो.

मोजपट्टी

@सहावा गियर, पहिल्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. रेडमंड आणि मोख्तारियन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या नोकरदारांना विचारलं होतं, की तुमच्या मते जाण्याचा आदर्श वेळ किती. २००१ साली आलेल्या त्या अभ्यासात लोकांनी शून्य मिनिटं म्हटलं नाही. सरासरी उत्तर आलं १६ मिनिटांच्या आसपास. म्हणजे मध्ये थोडा रस्ता लोकांना हवासा असतो. तो तासभर मात्र नको असतो.

दुसऱ्या परिच्छेदाचं गणित मांडूनच पाहू. ४० किलोमीटरचा मोकळा हायवे आहे. ताशी ६० च्या वेगाने ४० मिनिटं लागतात. ८० ने ३० मिनिटं, १० वाचली. १०० ने २४, आणखी ६ वाचली. १२० ने २०, फक्त ४ वाचली. वेग दर वेळी २० नेच वाढवला, पण हाती लागणारा वेळ घटत गेला. त्याच वेळी १०० वरून १२० वर जाताना गाडीची गतिज ऊर्जा १.४४ पट होते. ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतरही जवळपास त्याच प्रमाणात वाढतं, आणि हवेचा विरोधही, त्यामुळे इंधन जास्त जळतं. हे सगळं चार मिनिटांसाठी.

आता शहरातले शेवटचे पाच किलोमीटर घ्या. तिथे ताशी १५ ने वीस मिनिटं लागतात. वेगळा रस्ता किंवा वेगळी वेळ निवडून तोच वेग २० झाला, तर पंधरा मिनिटं. हायवेवर जीव मुठीत धरून वाचवलेल्या वेळापेक्षा हा वेळ जास्त आहे आणि यात धोका काहीच नाही. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी दाखवून दिलेलं आहे, की माणसं जास्त वेगावर वाचणारा वेळ नेहमी वाढवून धरतात आणि कमी वेगावर वाचणारा वेळ कमी लेखतात. आपला रोजचा अनुभवही तोच आहे, फक्त आपण तो मोजत नाही.

सहावा गियर

चार मिनिटांचं पटलं. आवडीचा मुद्दा मात्र सोडत नाही :) आवड ८० वरही पुरी होते.

चाकोरी

वाचनखूण साठवली. उत्तम चर्चा.

माझी शंका: आमच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, दोन वर्षांत सहा लेनचा होईल असं म्हणतात. त्या भरवशावर आत्ताच लांबचं घर घ्यावं का? एजंट तेच सांगतोय.

आडरस्ता

@चाकोरी, नाही. यावर मी आग्रहाने बोलेन.

रुंदीकरणाने पहिली एक-दोन वर्षं सुखाची जातात, यात शंका नाही. पण एजंट जे तुम्हाला सांगतोय तेच तो आणखी हजार जणांना सांगतोय. सगळे त्याच रस्त्याच्या भरवशावर त्याच बाजूला घरं घेतात. जे आधी बसने किंवा वेगळ्या वेळी जात होते तेही गाडी काढतात. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच हे लिहून ठेवलंय, की शहरी द्रुतगती मार्गावरची गर्दीच्या वेळची वाहतूक वाढत वाढत रस्त्याच्या क्षमतेपर्यंत पोहोचतेच. २०११ मध्ये डुरांटन आणि टर्नर यांनी अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी तपासली. त्यात महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, गाड्यांनी कापलेलं अंतरही जवळपास त्याच प्रमाणात वाढलेलं दिसलं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद करून झाला, काही ठिकाणी सेवारस्ते धरून सव्वीस लेन. काही वर्षांतच तिथला गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

त्यामुळे आज जो रस्ता आहे, आज जो वेळ लागतो, त्यावरच निर्णय घ्या. रस्ता सुधारला तर तो वरचा फायदा.

मोजपट्टी

आडरस्ता, एक दुरुस्ती सुचवतो. रुंदीकरण फुकट जातं असा याचा अर्थ काढू नये. जास्त माणसं जास्त ठिकाणी पोहोचू लागतात, हा फायदा खराच आहे. फक्त तो ‘माझा वेळ वाचेल’ या रूपात पदरात पडत नाही. वेळ वाचवायचा तर गर्दीच्या वेळच्या जागेला किंमत लावावी लागते. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये जानेवारी ते जुलै २००६ असा गर्दी शुल्काचा, म्हणजे शहराची हद्द ओलांडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेण्याचा प्रयोग झाला. शहराच्या हद्दीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने घटली आणि रांगा त्याहून कितीतरी जास्त आखडल्या. का, ते वरच्या २००० आणि २२०० च्या उदाहरणावरून लक्षात येईल. प्रयोग संपल्यावर गाड्या पुन्हा वाढल्या, आणि २००७ पासून शुल्क कायम झालं. बाहेरच्या गावात घर घेणाऱ्याने ही शक्यताही धरून चालावं. आज फुकट असलेला शहराचा दरवाजा उद्या फुकट असेलच असं नाही.

आडरस्ता

मान्य. ‘माझा वेळ’ आणि ‘सगळ्यांची सोय’ हा फरक तुम्ही नेमका मांडलात.

दोन पिशव्या

एवढा वेळ नुसती वाचत होते. सगळे एका माणसाच्या, एका गाडीच्या प्रवासाबद्दल बोलत आहेत. आमच्याकडे दोघांची नोकरी आहे आणि दोन शाळकरी मुलं. त्यामुळे प्रश्न वेगळा होतो.

शाळेतून फोन आला की मुलाला ताप आहे, घेऊन जा, तर कोण किती वेळात पोहोचणार? दोघंही शहरात असू तर उत्तर ‘एक तास, रस्ता मोकळा असेल तर’. आम्ही घर पाहत होतो तेव्हा मी सगळ्यात आधी हा प्रश्न टेबलावर ठेवला. शेवटी असं ठरलं, की दोघांपैकी एकाचं काम गावातच किंवा पंधरा-वीस मिनिटांच्या आत असायला हवं. ते काम कोणी पत्करायचं यावर खूप बोललो. कारण बहुतेक घरांत हे न बोलताच ठरतं, आणि जवळचं कमी पगाराचं काम बाईच्या वाट्याला येतं. पुढे बढती, अनुभव, निवृत्तीची पुंजी, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. लांबच्या घराने जे पैसे वाचले असं आपण म्हणतो, त्यातले बरेचसे तिच्या पगारातून गेलेले असतात. कृपा करून घर घेण्याआधी हा हिशोब कागदावर करा, दोघांनी मिळून.

गावात माणसं जोडणं ही आणखी एक गोष्ट. जो रोज अंधारात जातो आणि अंधारात येतो, त्याला शेजारी ओळखत नाहीत. अडचणीला धावून येतात ते शेजारीच. त्यामुळे शनिवार-रविवार पुन्हा शहरात खरेदीला, सिनेमाला न जाता गावात घालवायचा, असा आम्ही नियमच केला. वाचनालय, मुलांचे खेळ, सकाळची टेकडी. आता शाळेतून मुलांना आणायला हक्काने सांगता येतील अशी माणसं आहेत.

निळी छत्री

@दोन पिशव्या, अगदी मनातलं लिहिलंत. हा प्रतिसाद प्रत्येक घर शोधणाऱ्या जोडप्याने वाचावा.

मोजपट्टी

+१. स्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांचा २००८ सालचा अभ्यास इथे आठवतो. त्यांनी जर्मनीतल्या हजारो घरांची अनेक वर्षांची माहिती तपासली. लांबचा प्रवास करणारा माणूस मोठं घर किंवा जास्त पगार यांच्या रूपाने भरपाई मिळवत असेल, असं अर्थशास्त्र सांगतं. तसं असतं तर लांबून येणारे आणि जवळ राहणारे सारखेच समाधानी दिसायला हवे होते. पण प्रवासाचा वेळ जसा वाढतो तसं समाधान घटत गेलेलं दिसलं. मला यामागचं कारण असं वाटतं, की मोठ्या घराची सवय काही महिन्यांत होऊन जाते, कोंडीची मात्र होत नाही, कारण ती रोज वेगळी असते.

इटालियन शास्त्रज्ञ मार्केटी यांनी १९९४ मध्ये वाहतूक संशोधक झहावी यांच्या कामाच्या आधारे मांडलं होतं, की माणूस कुठल्याही काळात दिवसाला साधारण तासभर प्रवास करतो, जाऊन-येऊन. पायी चालायच्या काळात शहराचा व्यास पाच किलोमीटरच्या आत राहायचा तो त्यामुळेच. वाहनं वेगवान झाली तशी शहरं पसरली, पण तो तास तासच राहिला. दोन-अडीच तासांचं अपडाऊन म्हणजे या जुन्या मापाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त.

तेलपाणी

वरची चर्चा निर्णयाची आहे. ज्यांचा निर्णय झालाय आणि जे रोज रस्त्यावर आहेत, त्यांच्यासाठी गाडीबद्दल लिहितो. माझं गॅरेज आहे, अपडाऊनवाल्या गाड्या रोज येतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टायरची हवा. ती टायर थंड असताना तपासायची, म्हणजे सकाळी निघण्याआधी. चाळीस किलोमीटर पळवून पंपावर तपासली तर टायर तापलेला असतो, आकडा जास्त दिसतो, आणि लोक हवा उलट कमी करून घेतात. बाहेरचं तापमान ५-६ अंश सेल्सियसने उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (पंपावर हवेचा दाब ज्या मापात दाखवतात त्या मापाने) उतरते, त्यामुळे ऋतू बदलताना नक्की पाहा. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. स्टेपनीची हवाही महिन्यातून एकदा.

नक्षीची खोली बऱ्याच देशांत कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. पावसात रोज हायवेवर जाणाऱ्याने तिथवर वाट पाहू नये. ३ मिलिमीटरच्या आसपास आल्यावर पाणी बाहेर टाकायची ताकद चांगलीच कमी झालेली असते.

दुसरी गोष्ट, समोरच्या काचेची आतली बाजू. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेवर धरते, एक पातळ थर तयार होतो. दिवसा दिसत नाही. रात्री समोरून दिवे आले की सगळी काच पांढरी होते आणि माणूस समजतो आपल्याला चष्मा लागला. आठवड्यातून एकदा आतून स्वच्छ कोरड्या कापडाने पुसा. वायपरची रबरं आवाज करायला लागली की बदला, पावसाळा येण्याची वाट नको.

तिसरी, एसीचं हवा फिरवायचं बटण. गाडीतलीच हवा आत फिरवत ठेवली की कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. चार माणसं काचा बंद करून बसली की थोड्याच वेळात त्याच्या कितीतरी पट होतो, डोकं जड होतं, पेंग येते. धुराच्या पट्ट्यातून जाताना ते बटण चालू ठेवा, बाकी वेळ बाहेरची हवा येऊ द्या.

आणि सर्व्हिस किलोमीटरवर करा, तारखेवर नाही. रोज ऐंशी किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे दहा हजार किलोमीटर सहा-सात महिन्यांत होतात.

चाकोरी

@तेलपाणी, दादा, इलेक्ट्रिक गाडी अपडाऊनला कशी?

तेलपाणी

रात्री घरी चार्ज करायची सोय असेल तर ही धाव तिला चांगली जमते. रोजचं अंतर ठरलेलं, त्यामुळे रेंजची धाकधूक नाही. कोंडीत तर ती पेट्रोलपेक्षा सरस, कारण थांबलेली असताना मोटर काही खात नाही, आणि वेग कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. मोकळ्या हायवेवर मात्र वेग वाढवला की रेंज झपाट्याने उतरते, पेट्रोल गाडीपेक्षा ते जास्त जाणवतं. कडक थंडीतही उतरते. कंपनी सांगते त्यातली वीस-तीस टक्के वजा धरून तुमचं जाऊन-येऊन अंतर बसत असेल तर घ्या. घरी चार्जिंग नसेल आणि रोज बाहेर रांग लावावी लागणार असेल, तर अपडाऊनवाल्याला मी तरी सुचवणार नाही.

निळी छत्री

तेलपाणींच्या प्रतिसादाला शरीराची जोड देते. खुर्चीची पाठ फार मागे झुकवू नका. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा, एक बाजू उंच होऊन कंबर तिरकी बसते.

बाजूच्या काचेतून अतिनील किरणांचा ‘ए’ प्रकार आत येतो, समोरच्या काचेतून बराच अडतो. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचं छायाचित्र आलं होतं. खिडकीकडच्या गालाची कातडी जाड आणि सुरकुतलेली, दुसऱ्या गालाची त्या मानाने तरुण. बाजूच्या काचेचं ऊन रोज सोसणाऱ्यांनी चेहऱ्याला आणि हाताला सनस्क्रीन लावावं, पुरुषांनीही.

परतवाट

धागाकर्त्याने अपडाऊन सोडून दिलेल्यांना विचारलं होतं, म्हणून लिहितो. मी पूर्ण सोडलं नाही, एकट्याने चालवणं सोडलं. आम्ही चौघं एका गाडीत जातो.

दर आठवड्याला गाडी बदलते, त्यामुळे पैशांचा हिशोबच ठेवावा लागत नाही. ज्याची पाळी तोच चालवणार, बाकीच्यांनी झोपायचं असेल तर झोपावं. निघायची वेळ ठरलेली. तीन मिनिटं थांबायचं, मग गाडी निघते, आणि कोणी रागवायचं नाही. हे पहिल्या दिवशी स्पष्ट बोललं नाही तर पुढे मनं दुखावतात आणि गट फुटतो. उशीर होणार असेल त्याने दुपारी तीनच्या आत कळवायचं, म्हणजे बाकीचे त्याच्यात अडकत नाहीत. बोलायची सक्ती नाही, हा नियम एका सदस्याने सुचवला आणि तो सगळ्यांत उपयोगी ठरला. सकाळी बहुतेक जण गप्पच असतात. @सहावा गियर, तुमचा एकांत अशा गाडीतही मिळतो.

मोजपट्टींच्या आकड्यांत पाहिलं तर आमच्यामुळे रस्त्यावरच्या तीन गाड्या रोज कमी होतात. रांग क्षमतेच्या काठावर असताना तेवढ्यांनीही मागच्यांना फरक पडतो.

दोन पिशव्या

@परतवाट, गटातल्या एखाद्याला अचानक घरी परतावं लागलं तर? मुलाचा फोन आला तर? माझी अडचण तिथेच आहे.

परतवाट

त्यासाठी आम्ही एक सामायिक रक्कम बाजूला ठेवली आहे. घरून तातडीचा फोन आला तर त्यातून टॅक्सी करून जायचं, कोणाला विचारायचं नाही, नंतर हिशोब मागायचा नाही. ती रक्कम फार क्वचित वापरली जाते. पण ती आहे म्हणूनच लहान मुलं असलेली एक ताई आमच्या गटात येऊ शकली.

एक मात्र आधी करून घ्या. प्रत्येकाने आपल्या विमा कंपनीला लेखी विचारा, की सहकाऱ्यांना नियमित बरोबर नेलं तर संरक्षण लागू राहतं का. बहुतेक ठिकाणी कायदा खर्च वाटून घेणं आणि भाडं घेणं यात फरक करतो, आणि पैसे हातात घेतले की प्रश्न उभा राहू शकतो. गाड्या आळीपाळीने काढल्या तर पैसे हातात घ्यावेच लागत नाहीत. तरी उत्तर लेखी असू द्या आणि त्याची प्रत चौघांकडे ठेवा.